मास्तरांची भुवई

आल्मान्सा, ६ ऑक्टोबर

प्रिय बेलेन,

तुझी चिठ्ठी परवा मिळाली. माद्रिदच्या सराव केंद्रात पोचलीस, खोली बरी आहे, सोबतीण घोरते, हे सगळं कळलं. आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे मिलाचा गुडघा आणि माझी बोटं सोडून बाकीचे आम्ही ठीक आहोत. तुझी आई काल बेकरीत भेटली. कारखान्यातून घरी शिवायला आणलेल्या बुटांचा ढीग पलंगापर्यंत आलाय म्हणे, तरी तुझ्यासाठी डबा पाठवायचं तिच्या डोक्यातून जात नाही. "तिकडे त्यांना सगळं मोजून देतात, रेमे," मी म्हटलं. तर म्हणते, "मोजून दिलेलं खाऊन कोणाचं पोट भरलंय?" 

चिठ्ठीत तू खाली दोनदा रेघ मारून विचारलं आहेस : "मास्तर, फायनलचं पत्र कुठाय?"

येईल ते. तू नऊ वर्षांची असताना अल्बासेतेला पहिली लढत हरलीस आणि बाथरूममध्ये कडी लावून बसलीस. तोंडी सांगितलेलं काही तुझ्या कानात शिरेना, म्हणून मी घरी येऊन कागदावर लिहिलं : तीन चुका आणि एक बरोबर. तेव्हापासून दर लढतीमागे एक पत्र, कधी चुकलं नाही. बुटांच्या खोक्यात तू ती सगळी साठवली आहेस हे तुझ्या आईनं मला सांगितलंय. दहा वर्षांत एखादं पत्र उशिरा आलं म्हणून काही आभाळ कोसळत नाही. बोटं दुखतात, पेन धरवत नाही.

आज सेमीफायनलचं घे. चुका : एक, पहिल्या फेरीत पुढचा पाय उचलण्याआधी खांदा हलला, त्या तुर्की मुलीनं तो तीनदा वाचला. दोन, आघाडी मिळाल्यावर मागे मागे गेलीस आणि दोनदा रेषेबाहेर पडलीस. तीन, फेरी जिंकल्यावर प्रेक्षकांकडे पाहून हसलीस. लढत संपेपर्यंत प्रेक्षक नसतात, हे मी तुला शंभरदा सांगितलंय. बरोबर : फिरून मारलेली शेवटची किक. तशी मी उभ्या आयुष्यात मारली नाही.

इकडे तुझ्या नावानं जत्रा चालूच आहे. गेल्या महिन्यात टायक्वांदोच्या क्लासला बावीस नवी मुलं आली, त्यातली अठरा पहिल्याच आठवड्यात गेली, कारण त्यांना कळलं की इथं लाथा खाव्याही लागतात. शनिवारी एक जोडपं मुर्सियाहून गाडी घेऊन आलं. आधी तुझ्या घराखाली उभं राहून गच्चीचे फोटो काढले. तीच गच्ची, जिथं तू आईच्या वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे पायानं एकेक करून उडवले होतेस, कपड्याला धक्का न लावता. मग माझ्याकडे आलं. "मास्तर, ते म्हणा ना!" काय म्हणा? तर त्या चिमट्यांच्या व्हिडिओत मी मागून ओरडलो होतो ते : "आणि हे कपडे परत कोण धुणार, तू की मी?" आणि वर एक भुवई उडवली होती. चार वर्षं झाली, लोक अजून तेच मागतात. आता तर ती भुवई कपांवर छापून विकतात. मिला म्हणते, "लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, मला कधी त्या भुवईत काही दिसलं नाही."

तू फायनलनंतर इंटरनेटवर टाकलेली ओळ तिनंच मला वाचून दाखवली. "माझ्या मास्तरांनी कार्ड दाखवलं होतं. पंचबाईंनी तोंड फिरवलं." सहा लाख चाळीस हजार लोकांसमोर एवढंच. ते कार्ड म्हणजे काय, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक आहे, असं तिनं विचारलं. मी सांगितलं : खुर्चीत बसलेल्या मास्तराजवळ एक कार्ड असतं. आपल्या मुलीची किक लागली आणि यंत्रानं गुण दिला नाही, की ते त्याच क्षणी वर करायचं. मग लढत थांबते, व्हिडिओ पाहतात. क्षण गेला की गेला. मिला सगळं ऐकून भांडी घासायला गेली.

ती ओळ जरा घाईत लिहिलीस असं मला वाटतं. असो. पोटभर झोप.

तुझा मास्तर,
एलादियो


आल्मान्सा, २७ ऑक्टोबर

प्रिय बेलेन,

थंडी पडली. किल्ल्यावरून वारा थेट क्लासच्या खिडकीत येतो आणि तो तुटलेला काचेचा तुकडा अजून तसाच आहे. मिलानं काल या मोसमातलं पहिलं गास्पाचो केलं, सशाचा गरम रस्सा आणि त्यात भाकरीचे तुकडे. तुझी आठवण निघाली. तू लहानपणी मांस बाजूला काढून फक्त रश्श्यात भिजलेली भाकरी खायचीस.

तुझं दुसरं पत्र मिळालं. फायनलच्या पत्राबद्दल तू पुन्हा लिहिलं आहेस. मी बसलो होतो, खोटं नाही सांगत, तीन वेळा कागद घेऊन बसलो. पहिली चूक लिहिली, दुसरी लिहिली, मग उठलो. मी थकलोय, बेलेन. लढती हरल्यानं माणूस एवढा थकत नाही, मी काय कमी हरलोय? पण सकाळी क्लासचं कुलूप काढताना हल्ली मी आधी रस्त्यावर बघतो, कोणी फोन घेऊन उभं तर नाही ना. आणि नसलं तर, लाज वाटते लिहायला, थोडं चुकल्याचुकल्यासारखंही वाटतं. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा मी! बुटांच्या कारखान्यात तेवीस वर्षं चामडं कापलं, तेव्हा माझ्याकडे मुकादमाशिवाय कोणी पाहत नव्हतं, आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं.

एक गोष्ट कळवायची आहे. त्या पंचबाईंचं पत्र आलं. आलेंका ह्रिबार. स्लोव्हेनियात एका गावी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतात, पंचगिरी हौसेची. पत्र कोणाकडून तरी स्पॅनिशमध्ये लिहून घेतलंय, क्लासच्या पत्त्यावर आलं. तक्रारीचा सूर नाही. लोकांनी त्यांच्या शाळेला पत्रं लिहिली, त्यांच्या मुलीचा फोटो शोधून काढला आणि त्याखाली काय काय लिहिलं ते त्यांनी सांगितलेलं नाही, फक्त मुलगी अकरा वर्षांची आहे एवढं सांगितलंय. पंचांच्या यादीतून त्यांना तूर्त बाजूला ठेवलंय. डिसेंबरमध्ये चौकशी बसणार आहे. मलाही लेखी जबाब मागितलाय, ३० नोव्हेंबरच्या आत.

माझं एवढंच म्हणणं आहे की तू ती ओळ काढून टाक. कारण विचारू नकोस. ती बाई एकटी आहे आणि तुझी माणसं सहा लाख. तू त्यांना शिव्या द्यायला सांगितलं नाहीस हे मला माहीत आहे. पण तू बोट दाखवलंस, आणि बोट दाखवणाऱ्याचं बोट मोठं असलं की तेवढंच पुरतं.

तुझ्या आईनं तीळ लावलेली बिस्किटं दिलीत, वेगळ्या खोक्यात पाठवतोय. वजनाच्या दिवसाआधी खाऊ नकोस. एकोणपन्नास किलो म्हणजे एकोणपन्नास.

तुझा मास्तर,
एलादियो


आल्मान्सा, १६ नोव्हेंबर

बेलेन,

तुझं उत्तर मंगळवारी आलं. ते मी खिशात घेऊन चार दिवस फिरलो.

तू लिहिलं आहेस : "मास्तर, तुम्ही घाबरू नका. तुम्ही कार्ड दाखवलंत हे तुम्ही सांगितलंत आणि माझ्यासाठी तेवढं बास आहे. ओळ मी काढणार नाही. उलट चौकशीच्या आधी मी सगळं नीट व्हिडिओवर सांगणार आहे. नऊ वर्षांची असल्यापासून तुम्ही माझ्या पाठीशी होतात, आता मी तुमच्या."

मिलानं ते वाचलं, घडी घातली आणि माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, "आता ही पोरगी तुझ्यासाठी लोकांपुढे खोटं बोलणार, आणि तिला ठाऊकही नसणार की ते खोटं आहे. भुवई खाली घे, एलादियो, आणि लिही."

म्हणून हे फायनलचं पत्र, सात आठवडे उशिरा आलेलं.

चूक पहिली. तिसऱ्या फेरीपर्यंत तू त्या क्रोएशियाच्या मुलीच्या उंचीला भिऊन लांबून लढलीस. उंच माणसाच्या जवळ जायचं असतं, हे तुला माहीत होतं.

चूक दुसरी. सहा-आठ असताना घड्याळाकडे पाहिलंस. घड्याळ पाहणं माझं काम आहे.

चूक तिसरी तुझी नाही. आजवरच्या एकाही पत्रात मी माझी चूक लिहिलेली नाही, तेव्हा हे कसं लिहायचं ते मला येत नाही. जसं घडलं तसं सांगतो.

माझ्या खुर्चीच्या मागे, वरच्या रांगांत, तीस-एक आपली माणसं होती, तुझं नाव लिहिलेलं कापड घेऊन आलेली. पूर्ण लढतभर ती ओरडत होती. तुझं नाव तर होतंच, पण मध्ये मध्ये माझंही. "मास्तर, भुवई! मास्तर, भुवई!" पहिल्या फेरीत मी ऐकलं नाही. दुसऱ्या फेरीत ऐकलं आणि मनात हसलो. तिसऱ्या फेरीत नऊ सेकंद उरली होती, तू दोन गुणांनी मागे होतीस, आणि मी मान वळवली. मान कशाला, खांद्यापासून सगळाच वळलो. वर पाहिलं आणि भुवई उडवली.

ते सगळे केवढ्यानं ओरडले! मला वाटलं माझ्यासाठीच ओरडले. त्यातले अर्धे तुझी किक बघून ओरडले होते.

मी परत फिरलो तेव्हा तू माझ्याकडे पाहत होतीस, बोट हेल्मेटवर ठेवून, डोक्याला लागलेल्या किकचे तीन गुण मागत. ती किक लागली का, कुठे लागली, मला काही माहीत नव्हतं. मी पाहिलीच नव्हती. कार्ड हातात असतं तर निदान आंधळेपणानं वर केलं असतं. पण ते जॅकेटच्या आतल्या खिशात होतं, चेन लावलेली. मी चेन शोधतोय तोवर पंचांनी लढत पुढे सुरू केली. मग घंटा झाली.

तू बाहेर आलीस. मला वाटलं होतं रडशील, पण तू फक्त विचारलंस, "कार्ड, मास्तर?" मी म्हणालो, "दाखवलं गं. तिनं पाहिलंच नाही."

हे मी ठरवून बोललो नाही. घसा साफ करावा तसं बाहेर पडलं. संध्याकाळी खरं सांगू, असं म्हटलं होतं मनाशी. संध्याकाळपर्यंत तू ओळ टाकली होतीस, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत ती तीन लाख लोकांनी वाचली होती. त्यानंतरचा प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा जड होत गेला.  लोक त्या बाईला शिव्या देत होते आणि मला "बिचारे मास्तर" म्हणत होते. बेलेन, मला तेही गोड लागलं. पहिले दोन-तीन दिवस तर नक्कीच.

चौथ्या दिवशी मिलानं जॅकेट धुवायला घेतलं. "हे काय, बसचा पास?" म्हणून तिनं ते कार्ड माझ्यापुढे धरलं. लढत संपली की ते परत द्यायचं असतं, तेही मी विसरलो होतो. तिनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. म्हणाली, "दाखवलेलं कार्ड चेन लावलेल्या खिशात परत कसं जातं, हे मला टायक्वांदो येत नसल्यानं कळत नाही." तेव्हापासून गॅसजवळच्या मिठाच्या डब्याखाली ते ठेवलं होतं, मी रोज सकाळी कॉफी करताना मला दिसेल असं.

आलेंकाबाईंच्या पत्रातलं एक वाक्य मी तुला गेल्या वेळी सांगितलं नाही. त्या लिहितात : "मुलीनं पाहिलं म्हणून मीही खुर्चीकडे पाहिलं. मला तुमचा खांदा आठवतो, हात आठवत नाही. पण इतके लोक सांगतात तेव्हा मला माझ्या डोळ्यांची खात्री वाटेनाशी झाली आहे. तुम्हीच सांगा, मी खरंच पाहिलं नाही का?"

चाळिशीतली शिकलेली बाई, पोरांना भिंगं आणि आरसे शिकवते, आणि ती मला विचारते की माझे डोळे बरोबर आहेत का. तुझी किक, तुझं पदक राखायला मला खुर्चीत बसवलं होतं. कुंपणानंच शेत खाल्लं.

तुला पुरावा पाहिजे असेल तर तो तुझ्याच लोकांनी टाकलेला आहे. "फायनलमध्येही मास्तरांची भुवई" म्हणून एक छोटा व्हिडिओ फिरतो, चाळीस हजार जणांना आवडलेला. त्यात घड्याळ दिसत नाही, तू दिसत नाहीस, फक्त माझं थोबाड दिसतं. आवाज मोठा करून ऐक. मी भुवई उडवतो त्याच वेळी मागे किक मारतानाची एक आरोळी ऐकू येते. कोणाची, ते मी तुला सांगायला नको. दहा वर्षं मी ती ऐकतोय, मला ती बाजारातही ओळखू येईल.

आज सकाळी मी चौकशीला जबाब पाठवला, पोस्टात स्वतः जाऊन, पावती घेऊन. तुझं पत्र मुद्दाम नंतर लिहायला घेतलं. आधी तुला लिहिलं असतं तर तुझ्या उत्तराची वाट पाहिली असती, आणि वाट पाहायला मला फार छान जमतं हे आता तुला कळलंच असेल. आलेंकाबाईंनाही लिहिलं : "तुम्ही बरोबर पाहिलंत." पुढे माफीचं बरंच लिहिलं होतं, ते मिलानं खोडायला लावलं. "तिनं एकच विचारलंय, तेवढंच सांग," म्हणाली. माफीला दुसरं पत्र लिहीन.

माझा परवाना जाईल बहुतेक. जाऊ दे. क्लासमधली उरलेली मुलं येक्लाच्या मास्तरांकडे जातील, तो माणूस चांगला आहे आणि त्याला कोणी ओळखत नाही.

तू म्हणशील, मग मास्तर, तुम्हीच व्हिडिओवर येऊन सांगा. नाही. आता मी त्या लोकांना थोडाफार ओळखतो. मी डोळे पुसत खरं सांगितलं तर ते म्हणतील, किती प्रामाणिक माणूस! फोनवर लाल बदाम पाठवतील हजारोंनी. दोन आठवड्यांत त्याचाही कप निघेल. ज्या गोष्टीनं मी बिघडलो तीच मला पुन्हा मिळेल, आणि मी ती घेईन, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून मी हे कागदावर, तुला एकटीला लिहिलं.

ती ओळ तू लिहिलीस, तेव्हा ती पुसायची की नाही हे तुझं तू ठरव. मी सांगणार नाही. मी आजवर तुला पुष्कळ सांगितलं, लढत संपेपर्यंत प्रेक्षक नसतात असंही सांगितलं.

कार्ड सोबत ठेवलं आहे. धुण्यातून वाचलंय, कोपराही दुमडलेला नाही. चौकशीला मी लिहिलंय की ते बेलेनकडे मिळेल. वेळेवर वर करायची चीज होती, मला जमलं नाही. तुला जमेल तेव्हा कर, नाहीतर खोक्यात टाक.

आता एक बरोबर. ते राहिलं तर पत्र पुरं होत नाही.

नऊ सेकंद उरली होती, तुझी किक लागली होती, यंत्र गप्प होतं. अशा वेळी दुसरी कोणी पंचांवर ओरडली असती, हात झटकले असते. तू तसं काही केलं नाहीस. शिकवलं होतं तसं, एका जागी उभी राहून खुर्चीकडे पाहिलंस. शंकासुद्धा नव्हती तुझ्या डोळ्यांत. दहा वर्षांत तुझं इतकं बरोबर मी काहीच पाहिलं नाही, आणि तेवढंच मी नीट पाहिलं.

खाली नावाआधी नेहमीचे दोन शब्द या वेळी मी लिहीत नाही. ते लावायचे की नाही हे इथून पुढे तुझ्याकडे.

एलादियो